रिकामं तोंड

बायकोनं चहाचा कप ठेवला, कपाचा कान त्याच्या उजव्या हाताकडे वळवला, आणि मग ओट्यावरच्या साखरेच्या डब्यामागून एक पुडी काढून कपाशेजारी ठेवली. हिरव्या कागदाची, त्याची नेहमीची. तिनं ती कुठून आणली, दुकानदाराला काय सांगून मागितली, हे त्याच्या डोक्यात नंतर आलं. आधी आला तो वास. कागद फोडलेला नव्हता, तरी खालच्या ओठाच्या आत, डाव्या अंगाला, जिथं इतकी वर्षं तंबाखूचा बार बसायचा त्या खळग्यात पाणी सुटलं. रविवारची सकाळ होती. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी सतरंजी झटकत होतं आणि प्रत्येक फटक्याला त्याच्या कानशिलात एक ठिणगी उडत होती.

"हे काय?"

"दिसतंय की."

"मी सोडलीय."

"माहीत आहे. सगळ्या घराला माहीत आहे. खालच्या मजल्याला माहीत आहे." ती बसली नाही. आताशा त्याच्याशी बोलताना ती बसत नसे. मध्ये टेबल ठेवून, ओट्याला पाठ लावून उभी राही. "हात जोडते तुम्हाला. घ्या. खा. पण माणसात या."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हीच ती बाई, जिनं लग्न झाल्यापासून त्याच्या शर्टाच्या खिशांतला भुगा झटकताना नाक मुरडलं, पोरगी रांगायला लागल्यावर पिंक टाकायचं भांडं घराबाहेर फेकलं, देवापुढे दिवा लावताना दुसरं काही न मागता एवढंच मागितलं. हीच ती, जी डॉक्टरानं आरसा धरून ओठ उलटा केल्यावर आतला पांढरा डाग बघून खुर्चीचा हात घट्ट धरून बसली होती. डॉक्टर म्हणाला होता, आज सोडलीत तर डाग मागे फिरेल. नाही सोडलीत तर पुढे कुठे जाईल ते मला विचारू नका. तिनं रस्ताभर त्याचा दंड सोडला नव्हता.

"आणि डागाचं काय?" त्यानं विचारलं.

"डाग तुमच्या तोंडात आहे." तिचा आवाज चिरला, पण नजर हलली नाही. "त्याचे शिंतोडे आमच्या अंगावर कशाला उडवता? काल पोरगी किती वेळ ती पेटी उराशी धरून बसली होती, बघितलात? नाही बघितलात. तुम्ही दार आपटून झोपलात."

काल काय झालं होतं? काहीच झालं नव्हतं. मुलगी या टेबलावर भूमिती करत बसली होती आणि गुणगुणत होती. आठवीतली पोर, कंपासनं वर्तुळ काढताना गुणगुणणारच. आधी त्यानं घसा खाकरला. मग खुर्ची सरकवली. तिला कळलं नाही, कारण तिला सूर सापडला होता. मग त्याला एवढंच आठवतं की कंपासपेटी भिंतीवर आपटून उघडी पडली होती, कोनमापक अजून जमिनीवर गरगरत होता, आणि त्याचाच आवाज छताला लागून परत खाली येत होता. आवाज नको! आवाज नको म्हणून सांगितलं ना! मुलगी रडली नाही. तिनं ओठ आत घेतले, खाली बसून एकेक वस्तू गोळा केली आणि पेटीचं झाकण लावताना त्यावर तळहात ठेवला, म्हणजे खटका वाजू नये.

त्यानं पुडी उचलून खिशात टाकली. टेबलावर राहू दिली तर ती जिंकणार, खिडकीतून फेकली तर तमाशा होणार. खिशात टाकली म्हणजे काय ठरवलं, हे तिलाही कळू नये आणि त्यालाही. चहा तसाच ठेवून तो उठला. आतल्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं, ते आतून हलकेच मिटलं. तेवढ्या मिटण्याचाही त्याला राग आला.

रस्त्यावर त्याला कशाकशाचा राग आला ते सांगायचं तर दिवस पुरायचा नाही. कुत्र्याला घेऊन फिरणाऱ्या म्हाताऱ्याचा आला, कारण म्हातारा कुत्र्याशी फार प्रेमानं बोलत होता. दुकानाचं शटर वर करणाऱ्या पोऱ्याचा आला, कारण शटर कण्हत होतं आणि त्याला तेल घालायची अक्कल जगात कुणाला नव्हती. बसथांब्यावर एक माणूस तोंड उघडं ठेवून पाव चावत होता. त्याच्या तोंडात काहीतरी आहे आणि आपल्या तोंडात काही नाही, हा अन्याय त्याला सहन होईना. राग काही आभाळातून पडत नाही. राग घरचाच असतो, धाकट्या भावासारखा. फक्त इतकी वर्षं त्याला दाराबाहेर बसवून ठेवलेलं असतं, आणि तोही बिचारा बसतो, कारण दाराला खालून काहीतरी अडकवलेलं असतं. ते काढलंत की तो आत येणारच. येऊन पाय धुऊन स्वस्थ बसेल, असं कुणी सांगितलं?

कामावर त्याला थंडोबा म्हणायचे. लिफ्टच्या देखभालीचं काम. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली की आतली माणसं पाच मिनिटं हसतात, मग एकमेकांवर चिडतात, मग दारावर थापा मारतात. बाकीचे कारागीर जिन्यावरून धावत जायचे. हा सावकाश जायचा. दाराच्या फटीला तोंड लावून, ओठाआडचा बार जिभेनं सारखा करून, जड, संथ आवाजात म्हणायचा, "मी आलोय. आता तुम्ही फक्त उभं राहायचं." मग वर गच्चीवरच्या खोलीत जाऊन वीज तोडायची, ब्रेक ढिला करायचा आणि हातानं चाक फिरवत लिफ्टची पेटी मजल्याला आणायची. चाक हातात आलं की कळतं, खाली माणसं किती आहेत. वजन बोलतं. त्या खोलीत विडी ओढायला बंदी, पण ओठाआड काय आहे ते कोण बघतंय? चाक फिरवता फिरवता रस गळ्यात उतरायचा आणि सगळं कसं तेल घातल्यासारखं व्हायचं. साहेबानं दुसऱ्याची चूक याच्या नावावर घातली, यानं बार भरला. थोरल्या भावानं आईच्या आजारपणात तोंड दाखवलं नाही आणि ती गेल्यावर चौथ्या दिवशी येऊन मोठ्यानं गळा काढला, यानं बार भरला. बायकोनं काही विचारलं की "हूं", मुलीनं काही दाखवलं की "हूं". भरल्या तोंडानं माणूस भांडणार कसा? सगळे म्हणायचे, काय शांत माणूस आहे. मूग गिळून बसायलाही तोंड लागतं. याचं तर तेही रिकामं नव्हतं.

आणि परवा, एका इस्पितळाच्या इमारतीत, फटीपलीकडून एक बाई रडत होती, "मला श्वास घेता येत नाहीये हो," आणि थंडोबानं दारावर पान्हा आपटून म्हटलं होतं, "श्वास येत नाही तर ओरडता कशा?" बाई एकदम गप्प झाली. चाक फिरवताना त्याला वाटलं होतं, पेटीचं वजन घटलंय.

तंबाखू सोडणारे पाच जण दर रविवारी जमायचे ती जागा म्हणजे एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची नाचाच्या वर्गाची खोली. रविवारी सकाळी तिथं नाच नसायचा. एका भिंतीला अखंड आरसा, तळाशी लाकडी फरशी, कोपऱ्यात बांबूच्या काठ्यांचा भारा. पाच खुर्च्या आरशाकडे पाठ करून मांडलेल्या, कारण पहिल्याच रविवारी शिंपी म्हणाला होता, "माझं तोंड बघून तर मी खायला लागलो, ताई." ताई म्हणजे नर्सताई. तिनंच हे जमवलं होतं. तिनं स्वतः अर्धी नोकरी तोंडावरच्या फडक्याआड तंबाखू धरून केली होती. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभी राहून, हातात आतडं धरून, रस गिळत. सोडून वर्षं झाली होती तरी बोलताना खालचा ओठ अजून जपून हलवायची. बाकी चौघं: तो, त्याचा जोडीदार वायरमन, शिंपी, आणि शिंप्याचा जोडीदार बँकवाला, जो बँकेत शिपाई होता की साहेब होता ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

या मंडळींचे दोन नियम. एक, कुणी आपलं सांगायला लागला की उपदेश करायचा नाही, शाबासकी द्यायची नाही, भजनातलं ध्रुवपद उचलावं तसं सगळ्यांनी मिळून फक्त "मग?" म्हणायचं. दुसरा नियम नर्सताईच्या मोठ्या अभिमानाचा. तंबाखूची डबी फेकायची नाही. फेकलेली माणूस उकिरड्यातून काढून आणतो, हे तिला ठाऊक होतं. आपली भरलेली डबी जोडीदाराच्या हवाली करायची आणि त्याची आपल्या खिशात बाळगायची. ज्याला सहनच होणार नाही त्यानं सगळ्यांच्या समोर मागायची. जोडीदारानं ती मधोमध फरशीवर ठेवायची. मग मागणाऱ्यानं तिच्यापुढे बसायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याशी बोलत राहायचं. आजवर ज्यानं ज्यानं मागितली त्यानं शेवटी स्वतःच म्हटलं होतं, "उचल रे." आपल्या स्वतःच्या अब्रूला माणूस सहज फसवतो, ताई म्हणायची, पण दुसऱ्याची अब्रू खिशात असली की चालसुद्धा बदलते. त्याच्या खिशात वायरमनची डबी होती. इतके दिवस मांडीला लागून लागून तिची जागा पडली होती. आणि आज तिच्या जोडीला पुडी.

"माझ्या बायकोनं आज पुडी आणून दिली," खुर्चीत बसता बसता तो म्हणाला.

"मग?"

"मग काय मग! आणून दिली, चहाच्या कपाशेजारी ठेवली. म्हणे, खा."

"नशीबवान आहेस लेका," शिंपी म्हणाला. "माझी अजून उशीखाली हात घालून बघते. परवा चघळायच्या गोळ्यांची पाकिटं सापडली तर म्हणे, हे कसलं नवीन?"

बँकवाला हसला. ताईच्या ओठाचा कोपरासुद्धा हलला.

"दात काढू नका!" खोलीत कापड नव्हतं, पडदे नव्हते, आवाज आरशावरून परत आला. "मी इथं मरतोय. रोज मरतोय. आणि घरच्यांना मी नको झालोय. तंबाखू खाणारा चालतो, सोडणारा चालत नाही. कुणासाठी करतोय मी हे?"

"मग?" ताई म्हणाली. एकटीच. 

"मग माझी डबी ठेवा मध्ये." तो वायरमनकडे वळला. "काढ. बायकोच्या हातचं मला नको. खाल्ली तर माझी मी खाईन, सगळ्यांच्या देखत."

वायरमन हा उंच, वाकलेला माणूस. सारखा खांबावरून खाली बघितल्यासारखा बघायचा. तो फरशीकडे बघत म्हणाला, "आज नको."

"ठेव."

"अरे, तापलायस तू. जरा दम खा, मग..."

"नियम आहे! ठेव म्हणतो ना!"

वायरमननं आतल्या खिशातून डबी काढली आणि फार हळू, अंगठा न सोडता, फरशीवर टेकवली. हळू टेकवली तरी पत्रा वाजला. ज्याचा जन्म यंत्राचे आवाज ऐकण्यात गेला त्याला पुढे काही सांगावं लागत नाही. भरलेली डबी वाजत नाही. तो खाली वाकला, वायरमनचा हात बाजूला सारून त्यानं झाकण काढलं. डबी रिकामी होती. नुसती रिकामी नव्हती, चकचकीत होती. तळाच्या शिवणीतसुद्धा कण नव्हता. ती कशी पुसली असेल ते त्याच्या स्वतःच्या बोटाला कळलं: जिभेवर ओलं करून, कडेकडेनं फिरवून, परत ओलं करून.

"कधी?"

"एकदम नाही रे. थोडी थोडी."

"गेल्या रविवारी इथंच बसून काय म्हणालास? एक कण नाही म्हणालास. आम्ही येड्यासारखं मग, मग करत होतो!"

"माझी नाहीच खाल्ली!" वायरमनचा चेहरा खरोखर दुखावला होता. "माझी तुझ्या खिशात आहे. काढ, उघडून बघ. माझी मी सोडलीय. शपथेवर सोडलीय. ही तर तुझी होती."

 मग शिंप्याच्या नाकातून एक फुरका निघाला. "म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं," असं म्हणून तो हसायला गेला, आणि हसणं अर्ध्यात सोडून त्यानं स्वतःचा खिसा चाचपला. ते ताईनं बघितलं. "काढा," ती म्हणाली. "दोघंही काढा." शिंप्याजवळची बँकवाल्याची डबी निम्मी निघाली. बँकवाल्याजवळची शिंप्याची काठोकाठ भरलेली होती, ताईनं चिमूट घेऊन नाकाशी नेली आणि म्हणाली, "हा चहा आहे."

"निदान वजन राहावं म्हणून," बँकवाला पुटपुटला.

"अरे नतद्रष्टांनो," ताई म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग होता की रडू होतं ते तिलाच ठाऊक. "मला वाटलं होतं, दुसऱ्याचं जपाल."

सगळ्यांच्या नजरा त्याच्या खिशाकडे गेल्या. त्यानं वायरमनची डबी काढली. झाकण उघडेना; इतके दिवस न उघडल्यानं धरलं होतं. नखानं उचकटावं लागलं. आत दाबून भरलेली, वरचा थर वाळून पांढुरका झालेला, पण जशीच्या तशी. "वा," शिंपी म्हणाला, आणि त्यात थट्टा नव्हती. त्याला वाटलं, छाती फुटेल. तो एकटाच. या सगळ्या भामट्यांत तो एकटाच स्वच्छ, आणि त्याचीच बायको ओट्याला पाठ लावून उभी, त्याचीच पोर दार मिटून घेते! हे तिघं चोरून खातात, घरी जाऊन बायकोमुलांशी गोड बोलतात. यांच्या घरात आज हसतखेळत जेवणं होतील. त्याला वायरमनचा राग आला होता तो फसवलं म्हणून नव्हे, हे त्याला त्याच क्षणी लख्ख कळलं, आणि कळल्यानं राग आणखी वाढला. राग याचा आला होता की यानं खाल्ली. ते सुख यानं घेतलं. माझं होतं ते.

वायरमनची कॉलर त्याच्या मुठीत कधी आली ते कळलं नाही. एवढा उंच माणूस, पण हातात काही वजनच लागलं नाही. आणि मग तो उंच माणूस रडायला लागला. हुंदके देऊन, आवाज काढून, लहान पोरासारखा.

"आवाज नको!" तो ओरडला. "आवाज नको!"

आरशावरून ते दोन शब्द परत आले आणि त्याची मूठ आपोआप सुटली. ते शब्द त्याचे नव्हते. ते अण्णांचे होते. अण्णा म्हणजे त्याचे वडील. इतकी वर्षं मेलेला माणूस त्याच्या रिकाम्या तोंडात येऊन बसला होता आणि तिथून बोलत होता.

अण्णा भट्टीवर रात्रपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे. त्यामुळे घरात दिवस कधी उजाडलाच नाही. खिडक्यांना जाड कागद, दाराच्या बिजागरीला तेल. नळाखाली आई फडकं अंथरून ठेवायची, थेंब वाजू नयेत म्हणून. चमचे ती एकेक करून, दोन बोटांत धरून ठेवायची. दोघा भावांना खाणाखुणांत बोलता यायचं; थोरला तर हसायचासुद्धा नुसत्या खांद्यांनी. अण्णा रोज मारायचे असं नाही. रोज मारायची गरज नसते. एकदा पट्टा बघितला की तो खुंटीवर लटकलेला पुरतो. आणि नऊ-दहा वर्षांचा असताना त्याची दाढ सुजली. दुपार होती. पोर किती दाबणार? उशी चावून चावून तो कण्हायला लागला. आतल्या खोलीत खाट कुरकुरली. आईनं त्याच्याकडे बघितलं, आतल्या दाराकडे बघितलं, आणि अण्णांच्या सदऱ्यातली डबी काढून चिमूटभर तंबाखू त्याच्या खालच्या ओठात सारली. कानाशी तोंड नेऊन म्हणाली, चावू नको, गिळू नको, गप्प पड. खोली फिरली. तो तिच्या मांडीवर ओकला, तेही आवाज न करता. मग ठणका कुठेतरी लांब, शेजारच्या घरात गेल्यासारखा वाटला. आई त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "शहाणं माझं बाळ ते."

ही गोष्ट त्यानं इथं पहिल्याच रविवारी सांगितली होती. हसत हसत. आईचं औषध, आईची माया, आणि मग सवयच लागली बघा. सगळ्यांनी "मग?" म्हटलं होतं आणि तो म्हणाला होता, "मग काही नाही, दाढ बरी झाली."

आता तो फरशीवरच बसला. वायरमन नाक पुसत होता. ताईनं उपदेश केला नाही, डब्यांकडे बघितलं नाही. ती हळूच म्हणाली, "मग?"

"डॉक्टर होता, ताई. दोन गल्ल्या सोडून. लहान मुलांची दाढ फुकट काढायचा. पण तिकडे न्यायचं म्हणजे जिन्यावरून मी रडत गेलो असतो." त्यानं दोन्ही तळहात फरशीवर टेकले. "ती चिमूट दाढेसाठी नव्हतीच. मी ओरडू नये म्हणून होती. अण्णा उठू नयेत म्हणून. आयुष्यभर मी म्हणतोय, आईनं माया केली. माया केली! तोंड बंद केलं माझं तिनं. तिला तरी दुसरं काय येत होतं? तिचं कुणी... मला तिचा राग येतोय, ताई. मेलेल्या आईचा. मला तिला हलवून विचारायचंय, तू मला रडू का दिलं नाहीस? आणि आज सकाळी माझ्या बायकोनं..."

पुढचं वाक्य त्याच्यानं पुरं झालं नाही. पुरं करायची गरजही नव्हती. पुडी खिशात होती. ती त्याला गप्प करायला आणली होती, आतल्या खोलीतल्या पोरीसाठी. आणि ती पोर काल ओठ आत घेऊन खटका न वाजवता पेटी मिटायला शिकली होती. उद्या तिला आणखी काही मिटायला लागेल. मग ती ओठाआड काय ठेवील?

शिंप्यानं रिकामी सोडून बाकीच्या तीन डब्या उचलल्या, त्यात चहाचीसुद्धा, आणि मोरीत नेऊन पाणी ओतलं. "नाचवाल्या बाईंना म्हणावं, नळी तुंबली तर आम्हाला विचारू नका," तो तिथून ओरडला. कुणी हसलं नाही, पण ऐकून बरं वाटलं. वायरमन दाराशी त्याच्या समोर आला, खांबावरून बघितल्यासारखं बघत म्हणाला, "आता मी कुणाची जपू?" त्याला परत रागाची एक लाट आली, कानाखाली एक ठेवून द्यावी अशी. "कुणाची नको," तो म्हणाला. "संध्याकाळी फोन कर. रडायचं असेल तर रड. मी ओरडेन, तरी रड." आणि उतरताना जिन्यात त्याला वाटलं, हे आपण वायरमनला म्हणालो खरं, पण चुकीच्या पत्त्यावर म्हणालो.

घरी बायको भाजी चिरत होती. सुरी पाटावर टेकवताना ती आवाज होऊ देत नव्हती. एरवी त्याच्या लक्षातही आलं नसतं. आता तेवढंच ऐकू आलं. त्यानं पुडी काढून टेबलावर ठेवली. तिनं कागद फोडलेला आहे का ते बघितलं. फोडलेला नव्हता. तिचा चेहरा पडला, आणि पडलेला त्याला दिसला म्हणून ती घाबरली.

"नाही खाल्लीत?"

"नाही. खाणारही नाही."

"बरं," ती म्हणाली. ते 'बरं' त्याच्या आईचं होतं.

"बरं नाही!" आवाज चढलाच. सुरी थांबली. त्यानं खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली, ब्रेक ढिला केल्यावर चाक धरतात तशी, की आता सगळं वजन हातावर आहे आणि सुटलं तर खाली माणसं आहेत. "तिला बोलाव."

"कशाला? झालं ते झालं. अभ्यास करतेय ती."

"मी काही करत नाही. बोलाव."

मुलगी आली. टेबलाच्या पलीकडे, आईच्या बाजूला उभी राहिली. तिच्या हातात अजून पेन्सिल होती.

"कालचं बोल," तो म्हणाला.

"काही नाही."

"मी कंपासपेटी फेकली."

"ठीक आहे, बाबा."

"ठीक नाहीये. काय वाटलं ते बोल."

"काही नाही म्हटलं ना." तिनं आईकडे बघितलं. आईनं डोळ्यांनी खूण केली, मिटव. ती खूण त्याच्या ओळखीची होती. तिच्याकडे बघून त्याच्या अंगात असा जाळ उठला की खुर्ची कुरकुरली. मुलगी अर्धं पाऊल मागे सरली.

"बघ. परत चिडलास."

"हो. चिडलोय. आणखी किती दिवस चिडणार ते मलाही माहीत नाही. तरी तू बोल."

पेन्सिल टेबलावर आपटली. "काय बोलू? मी अभ्यासाला मैत्रिणीकडे जाते म्हणते ना, मी जातच नाही तिच्याकडे! जिन्यात बसते खाली. तुझ्या खोलीतला दिवा गेला की वर येते. मला पाय मोजून टाकावे लागतात या घरात. तू तंबाखू खायचास तेव्हा तुझा वास यायचा म्हणून मी तुझ्या शेजारी बसायचे नाही. आता वास येत नाही, तर बसायची भीती वाटते! सगळे म्हणतात, बाबा केवढं मोठं काम करतोय, त्याला समजून घ्या. मीच का समजून घेऊ? मी नव्हतं सांगितलं तुला खायला!"

"अगं, हळू," बायको म्हणाली. "खालचे ऐकतायत."

"ऐकू देत," तो म्हणाला.

त्याची जीभ आपोआप डाव्या अंगाला गेली, खळग्यात, आणि तिथं काही नव्हतं. काहीच नव्हतं. पोरीचा एकेक शब्द सरळ आत येत होता, वाटेत कुठे अडकत नव्हता, मऊ होत नव्हता. दुखत होतं. राग येत होता, तिचासुद्धा. तोही त्यानं खुर्चीच्या पाठीवर धरून ठेवला. खालच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ बारीक केला. मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक लाल झालं होतं, आवाज इतका चढला होता की ओट्यावरचं भांडं झिणझिणत होतं. त्यानं हळूच खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. बसल्यावर ती त्याच्यापेक्षा उंच दिसत होती. तिनं बाहीनं नाक पुसलं, श्वास घेतला आणि परत सुरुवात केली. तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं.